देवघरातले चांदीचे टाक: मूळ शोधायचं कसं?

सोनचाफा

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी माझी मोठी आत्या गेली. तिच्या देवघरातली टाकांची, म्हणजे पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या छोट्या प्रतिमांची, पुरचुंडी आता माझ्याकडे आली आहे. रोजची पूजा जमणार नाही, असं बाकी सगळ्या भावंडांनी एकेक करून सांगून टाकलं आणि नाही म्हणायचं माझ्या तोंडी येईपर्यंत पुरचुंडी माझ्या मांडीवर होती!

एकूण सात टाक आहेत. पुढे चांदीचा पातळ पत्रा, मागे तांबं. तळहातावर दोन सहज मावतील एवढे. पाच ओळखू येतात: घोड्यावर खंडोबा-म्हाळसा, महिषाला मारणारी भवानी, पिंड, अन्नपूर्णा आणि गणपती. प्रश्न उरलेल्या दोघांचा आहे.

एकावर नुसता घोडेस्वार आहे. तलवार उगारलेली, पाठीला ढाल, वर चंद्र-सूर्य. बरोबर बाई नाही, कुत्रा नाही. मागच्या तांब्यावर टोकदार वस्तूने काहीतरी खरवडलंय आणि शेजारी नुसतेच ओरखडे आहेत. दुसऱ्यावर बाई-पुरुष शेजारी शेजारी उभे आहेत. चेहरे झिजून पार सपाट झालेत, पण बाईचा घोळदार पदर अजून बोटाला लागतो.

चार पिढ्या आम्ही अकोल्यात. त्याआधी कुठे, तर "तिकडून, देशावरून" यापलीकडे घरात कुणालाच काही माहीत नाही. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, एवढंच ठाऊक. हे टाक किती जुने असतील, कुठे घडवले असतील, हे कळायला काही मार्ग आहे का? इथल्या एका सोनाराला दाखवले तर तो म्हणाला, "फार झिजलेत ताई, मोडीत द्या, याच चांदीत नवे करून देतो." मी पिशवी उचलून घरी आले.

फोटो खाली जोडले आहेत.

चिकटगुंडा

फोटो दिसत नाहीयेत. दुवा पब्लिक करा.

बाकी सोपं आहे की. मागे ९२५ (शुद्धतेचा आकडा) किंवा हॉलमार्कचा शिक्का बघा, त्यावरून कळेल.

सराफकट्टा

चिकटगुंडा, टाकावर शिक्का शोधणं म्हणजे तुळशीवृंदावनावर बारकोड शोधणं. आपल्याकडे चांदीचं हॉलमार्किंग सुरू झालं २००५ साली. इंग्रजांच्या काळात तिकडे विलायतेत सिंहाचा शिक्का मारत, इथे तसा कायदाच नव्हता. कारागिराचं नाव चांदीवर सापडतं ते मुख्यतः साहेबलोकांसाठी माल करणाऱ्या पेढ्यांचं. भुजच्या ओमरसी मावजींच्या कामावर 'ओ. एम.' असा ठसा असतो आणि आज लिलावात त्या दोन अक्षरांची किंमत चांदीपेक्षा जास्त लागते. घरचे देव घडवणारा सोनार कशाला नाव घालेल? गिऱ्हाईक गल्लीतलंच.

सोनचाफा ताई, मोडीत दिले नाहीत हे उत्तम केलंत. आता तीन कामं करा. एक, प्रत्येक टाकाचं वजन. दोन, एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू तपासणारं) मशीन असलेल्या पेढीवर कस बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, घासावं-कापावं लागत नाही. तीन, कडेचे फोटो. कड फार बोलते. आणि कृपा करून चिंच, टूथपेस्ट, पितांबरी काही लावू नका.

तिखटमीठ

घरचे देव असे इंटरनेटवर मांडू नयेत, असं माझं स्पष्ट मत. आमच्या सासूबाई तर टाकांना परक्याची सावली पडू द्यायच्या नाहीत. राग मानू नका.

सोनचाफा

तिखटमीठ, राग नाही. मलाही दोन दिवस तेच वाटत होतं. पण आत्या होती तोवर विचारलं नाही आणि आता विचारायला कुणी उरलं नाही. फोटोंतून पूजेची मांडणी काढून टाकली आहे, नुसता धातू ठेवलाय. दुवाही दुरुस्त केला.

आडवाटेचा_वाटसरू

आता दिसले. सुंदर आहेत. दोन-चार गोष्टी सांगतो, लांबण लागेल.

टाक दोन तऱ्हांनी होतात. पहिली तऱ्हा ठशाची. पितळी किंवा काशाच्या ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, वरून शिसं ठेवून ठोकायचं, की देव पत्र्यात उतरतो. मग मागे तांब्याचा पत्रा बसवून कड दुमडायची. दुसरी तऱ्हा हाताने उठाव काढण्याची. पत्रा राळेवर बसवून मागून पुढून छिन्नीने आकार काढायचा. तुमचे खंडोबा आणि भवानी ठशातले वाटतात. दोघांची कांगोऱ्याची किनार एकाच मापाची आहे, दाणे मोजून बघा. घोडेस्वाराची किनार मात्र हाताची आहे. डावीकडे दाणे दाट, उजवीकडे विरळ, आणि खाली घोड्याच्या खुरापाशी जागा अपुरी पडली म्हणून दोन दाणे गाळलेत. म्हणजे हे सात एका वेळी, एका हातून झालेले नाहीत.

आता मुख्य मुद्दा. टाकाचं वय आणि घराण्यातल्या त्या देवाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोजच्या स्नानाने, घासण्याने चांदी झिजते. नाक-डोळे गेले की टाक बदलतात. जुना नदीत सोडतात किंवा त्याची चांदी नव्यात घालतात आणि नवा टाक कुलदैवताला भेटवून आणतात. शिवाय भाऊ वेगळे झाले की मूळ टाक थोरल्याकडे राहतात, धाकटे नवे करून घेतात. त्यामुळे तुमच्या हातात आहे ती कितव्यांदा काढलेली प्रत आहे कोण जाणे! 'हा तुकडा किती जुना' या प्रश्नाचं उत्तर कदाचित साठ वर्षं येईल आणि 'हा देव आमच्या घरी कधीपासून' याचं तीनशे. पुरातन वस्तूंच्या व्यापाऱ्याला पहिल्यात रस. तुम्हाला दुसऱ्यात असेल तर धातूपेक्षा देव कोण ते आधी बघा.

वऱ्हाडी_ठेचा

लय भारी माहिती. वाचनखूण साठवली.

सोनचाफा

वाटसरू, दाणे मोजले. खंडोबा आणि भवानीच्या किनारीत दाणे अगदी सारखे आहेत! घोडेस्वाराचे तुम्ही म्हणता तसे वेडेवाकडे. गेली इतकी वर्षं बघतेय, कधी लक्षात आलं नव्हतं.

एक्सआरएफ करून आणलं. घोडेस्वार, उभी जोडी आणि पिंड यांचा कस ९१-९२ च्या आसपास. खंडोबा, भवानी, अन्नपूर्णा सत्तरच्या खाली. गणपतीचा आकडा दर वेळी वेगळाच येत होता. घोडेस्वाराचं वजन तांब्यासकट १४ ग्रॅम.

सराफकट्टा

गणपतीचं सोडा. सोंडेवर तांबं उघडं पडलंय ते फोटोतच दिसतंय. मशीन वरवरचंच वाचतं, त्यामुळे पत्रा झिजून तांबं वर आलं की आकड्याला अर्थ नाही. खंडोबाचा आकडाही याच कारणाने थोडा खाली आला असेल, पण तिघांचा सारखाच खाली, म्हणजे मुळात हलकी चांदी.

९१-९२ मात्र मजेशीर आहे. राणीछाप, राजाछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे ९१.६७ टक्के. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ पासून रुपया निकेलचा झाला. तोवर खेड्यातल्या सोनाराची चांदीची खाण म्हणजे गिऱ्हाइकाने आणून दिलेले रुपये. आमचे आजोबा सांगायचे, बाई पदराच्या गाठीतून दोन रुपये सोडायची आणि समोर बसून ते मुशीत वितळताना बघायची. डोळा हलू द्यायची नाही.

लगेच '१९४०च्या आधीचा टाक' असं लिहून मोकळ्या होऊ नका. जुने रुपये लोकांनी नंतरही जपून ठेवले आणि नंतरही वितळवले. पण ते तीन टाक एका घाण्यातले आणि बाकीचे नंतरचे, एवढं मी पैजेवर सांगेन.

मोडीप्रेमी

धागा आजच पाहिला. मागच्या खरवडलेल्या मजकुराचा चांगला फोटो मिळेल का? फ्लॅश नको. खोलीत अंधार करा, मोबाईलची बॅटरी टाकाला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि दुसऱ्या मोबाईलने वरून फोटो काढा. चारी बाजूंनी उजेड फिरवून चार फोटो. घासू नका, तेल लावू नका.

सोनचाफा

जोडले आहेत. लेकाने उजेड धरला, मी फोटो काढले.

मोडीप्रेमी

वा, याला म्हणतात फोटो!

तुम्ही ज्यांना नुसते ओरखडे म्हणालात त्या तीन उभ्या रेघा आहेत: ॥। हा पाऊण. एक दंड पाव, दोन अर्धा आणि थोडं अंतर सोडून तिसरा आला की पाऊण. त्याच्या आधी 'तो' स्पष्ट आहे. म्हणजे पाऊण तोळा. ही सोनाराची वजनाची नोंद आहे.

वरच्या ओळीत मोडी लिपी आहे. पहिलं अक्षर 'वि'. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणजे 'वी'ही असू शकेल. दुसरं अक्षर कडेच्या दुमडीखाली अर्धं गेलंय. 'र' असेल, 'ठ' असेल. विठ्ठल, विठोजी, वीर, काहीही. मी छातीठोक सांगणार नाही.

काळाचं म्हणाल तर मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती आणि मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. सराफबाजार तर आजही तोळ्यातच बोलतो. म्हणून तोळ्याला फार वजन देऊ नका. (विनोद अनवधानाने झाला.) मोडी आणि दंडांची खूण एकत्र आहे हे जास्त महत्त्वाचं.

सराफकट्टा

पाऊण तोळा म्हणजे ८.७५ ग्रॅम. एकूण १४ भरलं. बरोबर बसतंय, कारण सोनार नुसत्या चांदीचं वजन लिहितो, पैसे त्याचे. तांबं आणि आत भरलेली लाख वेगळी. किती चांदी झिजली ते कळायला टाक उसवावा लागेल. ते करू नका.

गोदाकाठ

इतका वेळ गप्प वाचत होतो. मोडीप्रेमी सांगणार नाहीत, पण मी सांगतो: वीर.

आमच्याकडे नाशकात आणि आजूबाजूला सिन्नर, निफाडकडे पुष्कळ घरांत वीराचा टाक असतो. घराण्यातला कुणी लढाईत पडला, कुणी लग्नाआधी गेला, तो वीर म्हणून देवघरात बसतो. धुळवडीला त्याला बाहेर काढतात. खोबऱ्याच्या वाटीत टाक ठेवायचा, वर लाल कापड बांधायचं, घरातल्या कर्त्याने किंवा पोराने हातात धरायचं आणि वाजतगाजत गोदेवर न्यायचं. तिथे स्नान, मग होळीला फेरे. पोरं नटवलेली असतात, कुणी शिवाजी महाराज, कुणी खंडोबा. मोठा मान असतो दाजीबा वीराच्या मिरवणुकीला, डोक्याला बाशिंग बांधून निघतो तो. लहानपणी मी स्वतः आमचा वीर धरून रामकुंडापर्यंत गेलोय, आजोबा मागून सारखे ओरडत होते, "वाटी सरळ धर!"

खंडोबा एकटाही काढतात, टाकात कधी कधी दोनच हात दाखवतात, हे खरं. पण म्हाळसा नाही, कुत्रा नाही, पायाखाली दैत्य नाही आणि तुमच्या घरात खंडोबाचा स्वतंत्र टाक आधीच आहे. मग हा दुसरा कशाला? चंद्र-सूर्य गावोगावच्या वीरगळांवर (लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळांवर) असतात तेच आहेत. उभी जोडी पितरांची असणार.

एक बघाल का? घोड्याच्या पायांच्या खाचेत काय अडकलंय?

सोनचाफा

गोदाकाठ, अंगावर काटा आला. भिंगातून बघितलं. खंडोबाच्या टाकात घोड्याच्या पोटाखाली पिवळा भंडारा घट्ट बसलाय. एकट्या घोडेस्वाराच्या खाचांत पिवळं काहीच नाही, काळपट लाल आहे, गुलालासारखं.

अमरावतीच्या काकूंना फोन लावला. त्या नव्वदीच्या आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून तीनदा ओरडून विचारलं की धुळवडीला देवांचं काही करायचो का आपण. त्या म्हणाल्या, "मी नवी नवरी होते तेव्हा मामंजी एक देव खोबऱ्यात घालून विहिरीवर न्यायचे. नदी लांब होती ना. पुढं बंद पडलं. का न्यायचे ते मला कुणी सांगितलं नाही अन् मी विचारलंही नाही."

खोबऱ्यात!

आडवाटेचा_वाटसरू

हे घ्या. याला म्हणतात पुरावा. चांदीचा कस, मोडी, तोळा, या सगळ्यांनी मिळून फार तर 'शंभर वर्षांच्या आसपास' म्हटलं असतं. गाव सांगितलं ते खोबऱ्याच्या वाटीने.

तिखटमीठ

मी आधी बोलले ते बोलले, पण हे वाचून बरं वाटलं. काकूंचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

चिकटगुंडा

एक शंका. खोबऱ्याची वाटी फक्त नाशिककडेच असते कशावरून? एवढ्यावरून गाव ठरवणं घाईचं नाही का?

गोदाकाठ

शंका रास्त आहे. म्हणून पुढची पायरी तीर्थोपाध्ये. नाशिक, त्र्यंबकला त्यांच्याकडे यजमानांच्या वह्या असतात, आडनाव आणि गावावर लावलेल्या. कोण कधी आलं, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं, सगळं यजमानाच्याच हातचं. जुन्या नोंदी मोडीत. तुमचं आडनाव आणि अकोला सांगा, पणजोबांचं नाव सांगा. गाव माहीत नसलं तरी पणजोबा अकोल्याहून क्रियाकर्माला आले असतील तर मूळ गाव लिहून गेले असतील. जुनी माणसं 'मूळ राहणार' घालायची. तिथे नाही मिळालं तर जेजुरी आणि तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या चोपड्या आहेतच. फोनवर भागत नाही, जाऊन बसावं लागतं. दक्षिणा मनाप्रमाणे.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, अकोल्यात जुन्या घराचे कागद, सात-बारा, शाळेचा दाखला काही आहे का? दाखल्यात जन्मगाव सापडते बरेचदा. आमचं तसंच सापडलं.

सोनचाफा

बरेच दिवसांनी धागा वर आणतेय.

शाळेच्या दाखल्यात आजोबांचं जन्मगाव अकोलाच निघालं, म्हणजे रस्ता बंद. नाशिकला जाऊन आले. उपाध्यायांनी आडनाव विचारलं, कपाटातून लाल बासनं काढली आणि पणजोबांच्या नावाशी बोट थांबवलं. शके १८४२, म्हणजे १९२०-२१. आईच्या अस्थी घेऊन आले होते. खाली सही, मोडीत, आणि 'हल्ली वस्ती आकोला' याच्यापुढे सिन्नर तालुक्यातल्या एका गावाचं नाव. गाव इथे लिहीत नाही, तिथे अजून आमच्या आडनावाची घरं आहेत आणि त्यांना विचारल्याशिवाय ते बरं नाही.

त्यांच्यापैकी एकांशी फोनवर बोलले. त्यांच्याकडे वीर आहे, दर धुळवडीला निघतो. म्हणाले, "आमचा तर आम्ही वीस वर्षांपूर्वी नवा केला. जुना गंगेत सोडला." फोटो पाठवला त्यांनी. ठशातला, चकचकीत, घोडा उजवीकडे तोंड केलेला. आमचा डावीकडे. पण चंद्र-सूर्य आणि ढाल तशीच. वीराचं नाव काय, हे मात्र त्यांनाही माहीत नाही. "वीरबाबा" म्हणतात.

सोनार कोण, ते अर्थात कळलं नाही.

आडवाटेचा_वाटसरू

सोनार कळणारही नाही. वीर गावातून अकोल्याला आला की अकोल्यात प्रत निघाली, हेही या पुराव्यावर ठरत नाही. पण थोरल्या घराचा टाक नदीत गेला आणि दूर गेलेल्या शाखेचा हाताने घडवलेला राहिला, ही गंमत आहे. आता तुमचाच जुना. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी घरगुती वस्तू पाहिल्यात तर तुलना करायला बरं पडेल, पण तुमचा टाक तिकडे देऊ नका एवढीच विनंती. पूजेतला आहे तोवर पूजेतच शोभतो.

सराफकट्टा

ताई, फोटोत वीराच्या टाकाची खालची कड उकललेली दिसतेय. कुणाकडूनही डाग मारून (झाळून) घेऊ नका. उष्णता दिली की आतली लाख वितळून बाहेर येईल आणि उठाव बसेल. लाकडी दांडीने कड हलकेच दाबून बसवणारा म्हातारा कारागीर शोधा. रोज अभिषेक घालत असाल तर वीर, उभी जोडी आणि पिंड या तीन टाकांना फक्त पळीभर पाणी आणि मऊ सुती कापड. काळे पडतात ते गंधकामुळे, चांदी बिघडत नाही त्याने. सणाला घासायचे ते खंडोबा-भवानी घासा, ते ठशातले आहेत, पुन्हा निघतील.

तिखटमीठ

देवांत असा भेदभाव!

सोनचाफा

:) सराफकट्टा, कड बसवून देणारे कारागीर अकोला-अमरावतीकडे कुणी माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि गोदाकाठ, येत्या धुळवडीला गावाकडच्या मंडळींनी बोलावलंय. आमचा वीर तिकडे न्यायचा की इथेच विहिरीवर, यावर घरात दोन तट पडलेत. काकू म्हणतात, एका घराचे दोन वीर एका मिरवणुकीत चालत नाहीत. असं काही आहे का?

गोदाकाठ

आमच्याकडे चुलत घरांचे चार वीर एकत्र निघतात, काही बिघडलेलं नाही. पण काकूंना विचारून करा. आणि वाटी खोबऱ्याची घ्या, प्लॅस्टिकच्या मिळतात हल्ली बाजारात, त्या नको.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या घरी पण एक टाक आहे, बाई घोड्यावर बसलेली, हातात काहीतरी लांब. फोटो टाकू का इथंच?

मोडीप्रेमी

नवीन धागा काढा, इथे हरवेल. आणि मागची बाजू आधी टाका.